जिन्याची करकर कोणाची?

लाकडी जिन्याच्या एखाद्या पायरीवर पाय पडला की ती करकरते, आणि आपण म्हणतो, ही पायरी बिघडली. हे बोलणे सोयीचे असले तरी खरे आहे का, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. ती फळी उचकटून जमिनीवर ठेवा, तिच्यावर नाचा. ती बोलत नाही. खिळा उपटून हातात घ्या, तोही मुकाच. पायरीखालची उभी फळी, बाजूच्या तिरक्या फळ्या, सगळे सुटे केले की करकर कुठेच सापडत नाही. पुण्याच्या वाड्यांतले किंवा गिरगावातल्या चाळींतले जुने जिने दुरुस्त करणारा सुतार फळीला दोष देण्याआधी एकाला वर चढवतो, स्वतः खाली कान देऊन उभा राहतो आणि नेमक्या कोणत्या सांध्यावर भार आला की आवाज होतो, भार हटला की थांबतो, हे पाहतो. न्यायशास्त्र ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणते तीच ही पद्धत. तिचा निष्कर्ष असा, की दोष कोणत्याही एका वस्तूत नसून दोन वस्तूंच्या मधल्या संबंधात आहे. मला त्यापुढे जाऊन म्हणायचे आहे, की संबंध हे आपण वस्तूंना चिकटवलेले नुसते नाव नव्हे. फळी जितकी खरी, तितकाच तोही खरा.

आधी आवाज कसा होतो ते पाहू. लाकूड हवेतली ओल शोषते आणि सोडते. ते तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. सागवान इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलते, पण हलतेच. पावसाळ्यात फुगलेली फळी खिळ्याभोवतीचे तंतू दाबून टाकते, उन्हाळ्यात ती आकसली की तिथे फट राहते. मग पायाच्या भाराने फळी खाली वाकते, खिळ्यावर किंवा शेजारच्या फळीवर घासते. हे घासणे सलग नसते: पृष्ठभाग क्षणभर एकमेकांना धरतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा धरतात, आणि हे सेकंदात शेकडो वेळा घडले की कानाला करकर ऐकू येते. वैशेषिक दर्शनाने शब्दाच्या, म्हणजे ध्वनीच्या, उत्पत्तीची जी कारणे दिली आहेत त्यांत संयोग (जुळणे) आणि विभाग (सुटणे) ही दोन आहेत; नगाऱ्यावर टिपरी पडली तर पहिले, बांबू चिरला तर दुसरे. करकरीत ही दोन्ही कारणे आळीपाळीने येतात. या दर्शनाचे प्रणेते कणाद यांना घर्षणाचे आधुनिक शास्त्र ठाऊक होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. असले दावे करणाऱ्यांनी कणादांचे नुकसानच केले आहे. त्यांनी संयोग आणि विभाग यांना गुणांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली, एवढे मात्र महत्त्वाचे. शिवाय या परंपरेने संयोगाचे एक लक्षण फार बारकाईने हेरले: तो आपल्या आश्रयाला संपूर्ण व्यापत नाही. झाडावर माकड बसले तर त्याचा संयोग फांदीशी असतो, मुळाशी नसतो, आणि तरी झाड एकच. पायरीही तशीच डाव्या कोपऱ्यात धरलेली आणि उजव्या कोपऱ्यात सुटलेली असू शकते.

यावर सर्वांत धारदार आक्षेप बौद्धांचा. मिलिंद राजाला नागसेनाने रथाचे उदाहरण देऊन रथ हे केवळ व्यवहारातले नाव आहे असे सांगितले, ते सर्वपरिचित आहे. पण आपल्या प्रश्नावर थेट घाव घातला तो सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने. त्याने ‘संबंधपरीक्षा’ या नावाचे छोटेसे प्रकरणच लिहिले. त्याचा युक्तिवाद साधारण असा: संबंध म्हणजे एकाने दुसऱ्यावर अवलंबून असणे, पण दोन्ही वस्तू आधीच सिद्ध असतील तर अवलंबणार कशासाठी, आणि सिद्ध नसतील तर अवलंबणार कोण? उत्तर देणे सोपे नाही. तरी हे पाहावे, की फळी फळी म्हणून सिद्ध आहे, पण भार पेलणारी पायरी म्हणून नाही. त्यासाठी तिला आधार हवा. आणि खऱ्या वस्तूची धर्मकीर्तीचीच कसोटी कोणती? जे कार्य घडवू शकते ते खरे, अर्थक्रियेचे सामर्थ्य ज्यात आहे ते खरे. मग सैल सांधा या कसोटीला उतरतो, कारण करकर हे त्याचे कार्य आहे. फळीखालून मारलेला स्क्रू अर्धा वळसा आवळा. जिन्यात नवीन काही आले नाही, जुने काही गेले नाही, आवाज मात्र बंद. धर्मकीर्ती म्हणेल की आवळल्यानंतरच्या फळ्या या आधीच्या फळ्या नव्हेतच. क्षणोक्षणी नव्या फळ्या उपजतात आणि बदल त्यांच्यातच आहे. ठीक आहे, पण ही नवी फळी जुनीपेक्षा वेगळी कशी, हे सांगू लागताच ‘त्या दुसऱ्या फळीला घट्ट टेकलेली’ असे म्हणावे लागते. हाकललेला संबंध मागच्या दाराने घरात येतो.

दुसरा आक्षेप अनवस्थेचा. दोन फळ्यांना जोडायला संबंध लागतो, तर त्या संबंधाला फळीशी जोडायला आणखी एक संबंध लागेल, त्याला आणखी एक. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात शंकराचार्यांनी वैशेषिकांच्या समवायावर, म्हणजे गुण-द्रव्य किंवा अवयव-अवयवी यांना जोडणाऱ्या अतूट संबंधावर, हाच घाव घातला. इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञ ब्रॅडलीने 1893 साली जवळपास हीच तक्रार मांडली. समवायाचे रक्षण करणे माझ्या आवाक्यातले नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. संबंधाला तिसरी वस्तू मानले तरच तिला जोडणारा दुवा मागावा लागतो. सैल सांध्यात ठोकलेली पाचर ही तिसरी वस्तू आहे, म्हणून तिला सरस लावावा लागतो, नाहीतर उद्या तीच करकरू लागते. पण पाचर बसल्यावर आलेला घट्टपणा ही चौथी वस्तू नव्हे. तो कसा ‘राहतो’ हे आपल्याला समजावता येत नसेल, तर ती आपल्या स्पष्टीकरणातली उणीव झाली. तेवढ्यावरून घट्ट आणि सैल यांतला फरक नाहीसा होत नाही.

कोणी म्हणेल, करकर हा दोष ऐकणाऱ्याच्या अपेक्षेत आहे. क्योटोच्या निजो किल्ल्यातल्या लाकडी ओसऱ्या चालताना पाखरासारख्या चिवचिवतात. शत्रूची चाहूल लागावी म्हणून त्या मुद्दाम तशा केल्या अशी लोकप्रिय कथा आहे, आणि किल्ल्यातला माहितीफलक सांगतो की काळाच्या ओघात खिळे हलू लागल्याने हा आवाज येतो. पर्यटक कौतुकाने ऐकतात. दोष की गुण हे ठरवणारे आपण, हे मान्य. पण खिळा हलतो की नाही हे आपण ठरवत नाही. सासू-सुनेच्या भांडणात ‘दोघीही चांगल्या आहेत’ हे वाक्य पूर्ण खरे असू शकते आणि भांडणही खरे असू शकते. यातून सगळ्यांची सुटका होते असे मात्र नाही. वाळवीने पोखरलेली फळी कोणत्याही जिन्यात बसवली तरी दगा देणार. दोष फळीबरोबर प्रवास करत असेल तर तो फळीचा, आणि फळी हलवताच मागे राहत असेल तर सांध्याचा. म्हणूनच सुतार कधी फळी बदलतो, तर कधी सांध्याच्या कोनात सरस लावलेला ठोकळा बसवतो. शंखजिऱ्याची पूड फटीत घातली तर फक्त घासणे गुळगुळीत होते, सैलपणा तसाच राहतो आणि काही दिवसांनी आवाज परत येतो.

इतके सिद्ध झाले तरी नैयायिकांना सगळे देता येत नाही. अवयवांच्या संयोगातून अवयवी नावाचे नवे द्रव्य उपजते आणि तो संयोग मोडला की ते नष्ट होते, असे ते मानतात. मग करकरणारा जिना सेकंदात शेकडो वेळा मरतो आणि जन्मतो म्हणायचे का? ते म्हणतील, प्रत्येक संयोग द्रव्य घडवत नाही. जो घडवतो तोच मोडला तर द्रव्य जाते. पण जिन्यातला असा संयोग कोणता? सुतार एकेक सांधा सोडवून पुन्हा बसवतो, आणि काम चालू असताना कोणत्याही टप्प्यावर ‘आता जुना जिना संपला’ असे म्हणायला जागा मिळत नाही. जिना हे नाव आहे, हे म्हणणे नागसेनाकडेच राहू द्यावे. सांधा मात्र त्याला देता येणार नाही.