कोल्ह्याचा माग

कोल्हा म्हटलं की आपल्याला आठवतो तो द्राक्षं आंबट ठरवणारा लबाड. पण इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या एका उजाड डोंगरावर त्याच कोल्ह्याचं छोटंसं मुंडकं, ब्रॉन्झमध्ये घडवून, क्रुसाच्या पायथ्याशी बसवलेलं आहे.

डोंगराचं नाव बकडेन पाइक, उंची सुमारे ७०० मीटर. ३० जानेवारी १९४२ रोजी बर्फाच्या वादळात वेलिंग्टन जातीचं बॉम्बफेकी विमान तिथं आदळलं. आत सहा पोलिश तरुण. मायदेश जर्मनांनी गिळलेला, म्हणून परक्या आभाळात लढाईचे धडे गिरवत होते. चौघे जागीच गेले. शेपटीकडचा गनर पाय जायबंदी होऊनही वाचला. एक सोबती मात्र गंभीर जखमी. त्याच्यासाठी मदत आणायला गनर सरपटत निघाला. चहूकडे पांढरंफटक, दिशाच कळेना. तेवढ्यात बर्फात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. भुकेला कोल्हा वस्तीकडेच जाणार, एवढा साधा हिशेब! ठशांमागून तो क्रे नावाच्या वाडीपर्यंत पोहोचला. सोबत्यासाठी मात्र उशीर झाला होता.

१९७३ साली या गनरनेच तो क्रूस उभारला. चौथऱ्यात विमानाचे तुकडे चिणलेले आहेत. घोड्यावरचे सेनापती आपण पुष्कळ पाहतो. मला हे स्मारक त्याहून खरं वाटतं. तिथं पाच सोबत्यांची नावं आहेत, आणि वाट दाखवणारा तो कोल्हा.