स्वस्त सायकल आणि शेजारधर्म

मनुष्य कोणती वस्तु विकत घेतो यापेक्षां ती तो कोठून आणि कशी घेतो, यावरून त्याच्या नीतीची पारख अधिक चांगली होते, असें आम्हांस वाटतें. मोठ्या प्रसंगीं माणूस सावध असतो; चार लोक आपणांकडे पाहत आहेत हें तो जाणतो. बाजारांत मात्र तो आपल्या पैशांशीं आणि आपल्या बुद्धीशीं एकटाच असतो. सायकलीसारख्या सामान्य वस्तूच्या खरेदीवर नीतिशास्त्राचें ओझें लादणें कांहीं वाचकांस हास्यास्पद वाटेल. त्या हास्याचा धोका पत्करून आम्ही हा विषय आज हातीं घेत आहों.

सुखवस्तु घरांत सायकल ही आतां व्यायामाची किंवा हौसेची गोष्ट झाली आहे. परंतु सन २०११ च्या जनगणनेंत देशांतील दर १०० कुटुंबांपैकीं सुमारें ४५ कुटुंबांजवळ सायकल असल्याची नोंद आहे. ही सारीच हौस खास नव्हे. सटाण्यासारख्या तालुक्याच्या गांवीं कांदा-डाळिंबाच्या हंगामावर ज्याचें पोट आहे असा मजूर, पेठेंतील दुकानावर कामाला जाणारा तरुण, दोन कोसांवरील खेड्यांतून शिकावयास येणारी मुलगी, यांच्या दृष्टीनें मोठेपणीं घेतलेली पहिली सायकल म्हणजे रोजचें भाडें वांचविणारें भांडवल होय. साधी, गिअर नसलेली, मोठ्या माणसाची सायकल पांच ते आठ हजार रुपयांच्या घरांत मिळते. सन २०२५ च्या सप्टेंबरांत सायकलीवरील कर शेंकडा १२ वरून ५ वर आला, हें बरेंच झालें; तरी महिनाअखेर ज्याच्या हातीं पांचशें रुपयेही उरत नाहींत, त्याला हा आंकडा लहान नाहीं. म्हणून ‘कोठून घ्यावी?’ हा त्याचा प्रश्न थट्टेचा नाहीं.

त्याच्यापुढें मार्ग चार आहेत. पहिला, गांवांतील दुकान. दुसरा, मालेगांव किंवा नाशिक येथील मोठें भांडार. त्यांपैकीं मालेगांव जवळ आहे, नाशिक मात्र नव्वद किलोमीटरांच्या आसपास पडतें. तिसरा, मोबाइलवर पाहून घरपोंच मागविणें. चौथा, कोणाची तरी वापरलेली जुनी सायकल घेणें. यांपैकीं कोणताही मार्ग मुळांतच पापाचा किंवा पुण्याचा नाहीं. मोठ्या भांडारांत निवड अधिक असते. घरपोंच मालाची किंमत पुष्कळदां कमी असते. जुनी सायकल तर निम्म्या पैशांतही मिळूं शकते. गांवच्या दुकानाची बाजू लंगडी पडते ती येथेंच, आणि हें मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे.

परंतु किंमत म्हणजे काय, हें आधीं नीट पाहिलें पाहिजे. घरपोंच येणारी सायकल बहुधा खोक्यांत, अर्धवट जोडलेल्या स्थितींत येते. हँडल, पुढचें चाक, पायडल, सीट हीं घेणाऱ्यानें बसवावयाचीं असतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, एवढी साधी गोष्ट ज्यास ठाऊक नाहीं तो जोर लावून पहिल्याच दिवशीं क्रँकचे आटे खराब करून ठेवतो. चाकाचा आउट काढणें, ब्रेक घासणार नाहींत आणि ढिलेही राहणार नाहींत असे बसविणें, आंसांतील छर्रे फार कसले गेले नाहींत ना हें हातानें फिरवून पाहणें, हीं कामें छापील कागद वाचून साधत नाहींत. शिवाय सायकल अंगाला बसली पाहिजे. पायडल अगदीं खालीं असतां टांच त्यावर टेकून पाय जवळजवळ सरळ होतो कीं नाहीं, हें त्या सायकलीवर बसल्यावांचून कळत नाहीं. बागलाणच्या रस्त्यांवर बाभळीचे कांटे असल्यामुळें जाड टायर बरा, कीं वेगासाठीं पातळ टायर बरा, हाही सल्ला जवळचाच माणूस देतो. तेव्हां गांवच्या दुकानांतील चारपांचशें रुपयांचा जो फरक आपणांस महागाई वाटतो, त्यांत ही मजुरी आणि हें ज्ञान मिसळलेलें असतें. स्वस्त मालांतील कांहीं स्वस्ताई घाऊक खरेदीची आणि सचोटीची असते. कांहीं मात्र काम घेणाऱ्याच्याच गळ्यांत घातल्यामुळें दिसणारी असते.

येथवर हिशेब झाला. आतां नीतीचा प्रश्न. समजा, एक गृहस्थ दुकानांत आला. दुकानदारानें तीन सायकली बाहेर काढल्या, सीट वरखालीं केली, कोणती चौकट त्याच्या उंचीला योग्य हें सांगितलें, रस्त्यावर एक फेरी मारूं दिली. गृहस्थानें सारें नीट लक्षांत ठेविलें, ‘घरीं विचारून येतों’ म्हणाला, आणि घरीं जाऊन तीच सायकल मोबाइलवरून पांचशें रुपये कमी देऊन मागविली. यानें कोणाचें कांहीं घेतलें काय?

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें सन १७८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाला फसवीत नाहीं. लहान पोरालाही तो सर्वांचाच भाव सांगतो. परंतु असें वागण्यांत त्याचा फायदाही असल्यामुळें, तो कर्तव्यबुद्धीनें प्रामाणिक आहे कीं धंद्याच्या धोरणानें, हें नुसत्या कृतीवरून ठरत नाहीं, असें कांटचें म्हणणें. नीतिशास्त्राच्या वर्गांत हें उदाहरण पिढ्यान् पिढ्या शिकविलें जात आहे, आणि प्रत्येक वेळीं कसोटीला लागतो तो दुकानदार. गिऱ्हाइकाचा प्रामाणिकपणा कशांत आहे, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

यावर आक्षेप असा येईल कीं, दुकान मांडलें म्हणजे माल दाखविणें आलेंच; पाहणाऱ्या प्रत्येकानें विकत घेतलेंच पाहिजे असा नियम केला तर बाजार बंदच पडेल. बाजार परस्परांच्या हितावर चालतो, दयेवर चालत नाहीं, हें ॲडम स्मिथनें सन १७७६ मध्यें दाखवून दिलें आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच येथें एक भेद केला पाहिजे. जो मनुष्य मन मोकळें ठेवून दुकानांत येतो, किंमत ऐकतो, आणि ती आपल्या आवांक्याबाहेरची आहे असें पाहून परत जातो, त्यानें कोणाचाही अपराध केलेला नाहीं. परंतु सायकल दुसरीकडूनच घ्यावयाची हें ज्याचें आधींच ठरलेलें आहे, आणि तरीही जो गिऱ्हाईक म्हणून उभा राहून दुकानदाराचा अर्धा तास व अनुभव फुकट घेतो, तो तोंडानें नसलें तरी वर्तनानें असत्य बोलतो. कायदा याला चोरी म्हणणार नाहीं. परंतु कांटच्याच दुसऱ्या कसोटीप्रमाणें पाहिलें, म्हणजे सर्वांनींच असें केलें तर काय होईल असा प्रश्न केला, तर उत्तर उघड आहे: माल पाहण्यासाठीं एकही दुकान उरणार नाहीं, आणि ही युक्ति स्वतःच आपला पाया खणून टाकील.

कोणी म्हणेल, मग सरळ स्वदेशीचें तत्त्व सांगा आणि मोकळे व्हा. सन १९१६ मध्यें मद्रास येथें मिशनऱ्यांच्या परिषदेपुढें बोलतांना गांधीजींनीं स्वदेशीचा जो अर्थ सांगितला, तो जवळच्या शेजाऱ्याच्या सेवेचा होता. शेजाऱ्याच्या धंद्यांत उणीव असेल तर ती भरून काढण्यास त्याला साह्य करावें, असा त्यांचा आशय होता. हें तत्त्व आम्हांस पूज्य आहे, परंतु सायकलीला तें लावतांना थोडा विचार केला पाहिजे. गांवच्या दुकानांतील सायकल गांवांत होत नाहीं. ती लुधियान्याहून किंवा मद्रासकडून येते, आणि खोक्यांतली सायकलही पुष्कळदां तेथूनच येते. लोखंडाच्या दृष्टीनें दोघीही सारख्याच परक्या. गांवचें जें आहे तें हाताचें कौशल्य: जोडणी, दुरुस्ती, वर्षाकांठीं करावयाचें ओव्हरऑइलिंग. शेजारधर्म पाळावयाचा तो या हातांशीं. म्हणून एखाद्यानें सायकल बाहेरून आणली, पण ती जोडून घेण्यासाठीं गांवच्या कारागिराकडे नेली आणि घासाघीस न करतां त्याची मजुरी दिली, तर त्यानें शेजारधर्म मोडला असें आम्ही म्हणणार नाहीं.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. ज्याची ऐपत नाहीं त्याच्यावर शेजाऱ्याकडून महाग घेण्याचें कर्तव्य आहे काय? आमचें उत्तर स्पष्ट ‘नाहीं’ असें आहे. सटाण्याचे लोक ज्यांना देव मामलेदार म्हणून पूजतात, त्या यशवंतराव महाराजांनीं सन १८७०-७१ च्या दुष्काळांत सरकारी खजिना भुकेल्यांना वांटला, ही कथा येथील मुलांनाही पाठ आहे. त्या कथेंतील एक गोष्ट विसरतां कामा नये. संकटाचा भार त्यांनीं ज्याच्याजवळ होतें त्या खजिन्यावर आणि स्वतःच्या नोकरीवर घेतला. उपाशी माणसाला त्यांनीं त्यागाचा उपदेश केला नाहीं. पांचशें रुपये म्हणजे ज्याचा आठवड्याचा बाजार आहे, त्यानें ते वांचवावेत. शेजाऱ्याचें दुकान जगविण्याची जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाकणें हा आम्हां पगारदार वर्गाचा सोयीस्कर उपदेश होईल.

आणि खरी गोम येथेंच आहे. पंक्चर काढण्याच्या मजुरीवर दुकान चालविणें कठीण. दुकान तगतें तें नव्या सायकलींच्या विक्रीवरील नफ्यानें. हा नफा जास्तींत जास्त कोणाकडून मिळतो? ज्यांना निवड परवडते त्यांच्याकडून. आमच्यासारख्यांनीं वीस-पंचवीस हजारांच्या सायकली थोड्याशा सवलतीसाठीं दुरून मागविल्या आणि गांवचें दुकान बंद पडलें, तर आमचें कांहीं बिघडत नाहीं. आम्ही सायकल मोटारींत टाकून नाशिकला नेऊं. परंतु ज्या मजुरानें सहा हजारांची सायकल घेतली आहे, तिचें फ्रीव्हील घसरूं लागलें कीं ती त्याच दिवशीं लोखंडाचा सांगाडा होते. गरिबाची स्वस्त सायकल स्वस्त राहते ती दुरुस्तीचें दुकान चालण्याच्या अंतरावर आहे तोंपर्यंतच. तेव्हां तें दुकान म्हणजे एका अर्थानें गांवचा पाणवठा आहे. ज्याच्या घरीं नळ आहे त्यानेंही पाणवठा बुजूं देऊं नये. कारण तहान दुसऱ्याची असते.

शेजारधर्म एकतर्फी नसतो, हेंही सांगितलें पाहिजे. जो दुकानदार ‘बाहेरून आणली ना? मग तिकडेच न्या’ असें म्हणून दुरुस्ती नाकारतो, जो अडाणी गिऱ्हाईक पाहून भाव चढवितो, पावती मागितली असतां तोंड वांकडें करतो, तो शेजाऱ्याच्या हक्काची भाषा बोलण्यास अपात्र आहे. विशेषतः मोठ्या वयांत प्रथमच सायकल शिकूं पाहणाऱ्या स्त्रीला दुकानांत हसूं ऐकावें लागलें, तर तिनें घरबसल्या खोकें मागविल्यास दोष तिचा नाहीं. तामिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत सन १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारों ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बायकांच्या सायकलींचा तुटवडा पडला तेव्हां त्यांपैकीं कित्येकींनीं पुरुषी दांड्याच्या सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवितां येतें, हा तींत त्यांना लाभही दिसला. अशा गिऱ्हाइकाला आदरानें वागविणारा दुकानदार सवलतीच्या जाहिरातीस भीत नाहीं.

जुन्या सायकलीसंबंधीं थोडें. ती घेणें हा काटकसरीचा उत्तम मार्ग आहे, आणि चांगली पोलादी चौकट दोन पिढ्या टिकते. मात्र येथें स्वस्ताईला एक काळी बाजू आहे. विटोरियो डी सिका याच्या सन १९४८ मधील ‘बायसिकल थीव्ह्ज’ या इटालियन बोलपटांत एका गरीब माणसाची बायको घरांतल्या चादरी गहाण टाकून नवऱ्याची सायकल सोडवून आणते, कारण सायकलीवांचून त्याला नोकरी मिळणार नसते. आणि पहिल्याच दिवशीं ती चोरीस जाते. रोमच्या बाजारांत चोरीच्या सायकली सुट्या करून विकल्या जातात, तेथें तो आपल्या मुलासह शोध घेत फिरतो. अशा बाजारांत कमी भावानें घेणारा मनुष्य चोर नसतो, पण चोराचें गिऱ्हाईक असूं शकतो. म्हणून जुनी सायकल घेतांना चौकटीवर ठोकलेला क्रमांक खोडलेला नाहीं ना, विकणाऱ्याजवळ मूळ पावती आहे काय, नसल्यास तो आपलें नांव-गांव लिहून देतो काय, इतकें तरी पाहावें. जी किंमत ऐकून आपणांस आधीं आनंद व मग संशय वाटतो, तेथें संशयाचेंच ऐकावें.

तात्पर्य, ज्याला पैसा थोडा आहे त्यानें निर्धास्तपणें जेथें परवडेल तेथें घ्यावी. मात्र सर्वत्र मिळणाऱ्या मापाचे टायर आणि साधी चेन असलेलीच घ्यावी. कंपनीचें नांव कायमचें नसतें: सन १९५१ मध्यें सुरू झालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना सन २०२० च्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल-दिनीं, बंद पडला, तरी त्या सायकलींना लागणारे टायर आणि छर्रे गल्लींतल्या कारागिराकडे मिळतच राहिले. ज्याला पैसा पुरेसा आहे त्यानें गांवांत चांगलें दुकान असतां तेथूनच घ्यावी, आणि तो जास्तीचा खर्च दानांत न मोजतां आपल्या वांट्याची गांवपट्टी समजावी. आणि दोघांनींही, कोणाचा सल्ला घेतला तर त्याचें मोल दिल्यावांचून उठूं नये. मोल नेहमीं खरेदीनेंच द्यावें लागतें असें नाहीं. ‘मला बाहेरून घ्यावयाची आहे, पण तुम्ही जोडून द्याल काय, आणि काय घ्याल?’ असें उघड विचारलें, तरी तो व्यवहार स्वच्छ होतो.