विषादातील माणसाशी कसे बोलावे



गीतेच्या पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ म्हणतात. ‘विषाद’ शब्दाच्या मुळाशी ‘सद्’ धातू आहे; खचणे, गळून बसणे हा त्याचा एक अर्थ. अर्जुनाचे तसेच झाले. अंग कापू लागले, तोंडास कोरड पडली, धनुष्य टाकून तो रथात बसला. वीरही खचतो, हे गीतेने लपविले नाही.

आज हा विषाद विद्यापीठांच्या वसतिगृहांत दिसतो. पंजाबातील मोहाली येथे 2007 साली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली. अशा संस्थांत दूरदूरची बुद्धिमान मुले घर सोडून येतात. गावात पहिला आलेला मुलगा तेथे अनेक पहिल्यांतील एक ठरतो. मन खचले तरी दूरध्वनीवर तो घरी ‘सर्व ठीक आहे’ एवढेच सांगतो. अध्यापकांचेही ओझे कमी नसते. 2022 साली देशात 13,000 हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे.

अशा मुलास आपण म्हणतो, ‘धीर धर, दुबळेपणा सोड.’ भगवंतांनीही दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत अर्जुनास असेच खडसावले. परंतु तेवढ्याने विषाद गेला नाही. अर्जुनाने आपले दुःख पुन्हा सांगितले आणि लढण्यास नकार देऊन तो गप्प झाला. भगवंत मात्र त्यास सोडून गेले नाहीत. अठराव्या अध्यायापर्यंत तो शंका विचारीत राहिला, ते उत्तरे देत राहिले. शेवटी निर्णय त्याच्यावर सोपवून, मोह गेला का, हेही त्यांनीच विचारले.

यातून गृहस्थाने आपला धर्म ओळखावा. उपदेश दोन वाक्यांत संपतो. सोबत संपता कामा नये. मुलास गुणांआधी झोप, जेवण, सोबती यांविषयी विचारावे. तो बोलू लागला तर मध्येच तोडू नये. सहकारी प्राध्यापक अबोल झाला तर त्याच्याजवळ जाऊन बसावे.

100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिला आहे. 2022 साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. ज्वर आल्यास आपण वैद्याकडे जातो. मन आजारी पडल्यास तज्ज्ञाकडे जाण्यात श्रद्धेस उणेपणा नाही.

खचलेल्याच्या रथावर लगाम धरून शांतपणे बसण्याची बुद्धी तो पार्थसारथी आपणा सर्वांस देवो.