मदत कशी हवी, ते मी सांगेन

हे मनन सावकाश करायचं आहे. थोडं वाचावं, थांबावं, मग पुढे जावं. मनात येईल ते उत्तर कुणाला सांगायचं नाही, त्यामुळे ते चांगलं दिसायची गरज नाही. खरं असलं की पुरे.

आधी नीट बसा. चाकाच्या खुर्चीत, पलंगावर, भिंतीला टेकून, जसं सोयीचं असेल तसं. कॅलिपर टोचत असेल तर सैल करा. कृत्रिम पाय काढून ठेवावासा वाटला तर ठेवा. खुर्चीत बराच वेळ बसला असाल आणि हातांत बळ असेल, तर हत्त्यांवर जोर देऊन शरीर जरा वर उचला, म्हणजे एकाच जागी पडलेला दाब सुटेल. आता श्वासाकडे लक्ष द्या. या शरीरात कुठं दुखतं, कुठं स्पर्श कळत नाही, कोणत्या कुशीवर वळणं सोपं जातं, हे डॉक्टरांनाही तुम्हालाच विचारावं लागतं. या शरीराचे जाणकार तुम्ही आहात. इथं थोडं थांबा.

आता कालचा दिवस आठवा. 'हे मला जमत नाही' असं कितीदा मनात आलं? त्यातला एकेक प्रसंग समोर घ्या आणि विचारा: अडचण माझ्या शरीरात होती, की वाटेत होती? समजा, बँकेच्या दाराशी सहा इंचांची पायरी आहे. खुर्ची चढवण्याजोग्या उताराचं प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे त्या पायरीला सहा फुटांचा उतार पुरला असता. तो कुणी बांधला नाही, आणि 'मला बँकेत जाता येत नाही' हे वाक्य मात्र तुमच्या खात्यावर जमा झालं. ती नोंद तुमची नाही, खोडून टाका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं असा अडथळा दूर करणं ही व्यवस्थेची जबाबदारी ठरवली आहे. ती आठवण करून देणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

अशा नोंदी खोडल्यावरही काही उरेल. ते खरोखरच शरीराचं असेल. त्याचं दुःख होत असेल तर होऊ द्या, घाईनं त्याची समजूत घालू नका. हवा तेवढा वेळ घ्या.

मग घरातला एक आवाज आठवा: 'राहू दे, तू बस.' आईचा असेल, भावाचा, नवऱ्याचा. त्यात माया असते. पण त्या मायेपायी कोणकोणती कामं आपल्या हातून निसटली, ते पाहा. चहा करणं, भाजी निवडणं, स्वतःचे पैसे मोजून देणं, पलंगावरून खुर्चीत सरकणं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की 'मला हे जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून पाहिल्यानं. इतरांचे शब्द त्यामानानं कमी पुरतात. म्हणून 'किती हिंमत आहे तुझ्यात' हे कौतुक संध्याकाळपर्यंत विरतं. आपल्या बोटांनी लावलेलं सदऱ्याचं बटण मात्र दुसऱ्या दिवशीही आपल्या बाजूनं साक्ष देतं. निसटलेल्या कामांतलं एक, अगदी लहान, निवडा. इतरांना त्याला दोन मिनिटं लागत असतील आणि तुम्हाला वीस, तर वीस लागू द्यात.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पदक क्षणभर बाजूला ठेवा. गोळी आणि पदक यांच्यामधल्या सात वर्षांवर मन ठेवा. त्या वर्षांतल्या बहुतेक दिवशी टाळ्या वाजवायला कुणी नसणार. तुमचे आत्ताचे दिवस त्या दिवसांसारखे आहेत.

'मला हे जमेल' हा विश्वास मिळवण्याची बंडुरांनी सांगितलेली दुसरी वाट म्हणजे आपल्यासारख्या माणसाला जगताना पाहणं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली पांगळ्या झाल्या. स्वतः चाकाच्या खुर्चीत असून उमेदीनं जगणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि पुढची वाट दिसली. नंतर नसीमादीदींनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि कितीजणांनी त्यांच्याकडे पाहून तीच उमेद घेतली. तुमच्या ओळखीत असं कोण आहे? नाव आठवा. आणि तुमच्याकडे पाहणारं कुणी लहान मूल आहे का, तेही आठवा.

आता शेवटचं, आणि बहुतेकांना सर्वांत अवघड जाणारं. मदत लागणारच आहे. मदत घेतल्यानं माणूस लहान होत नाही. ती कशी, किती आणि केव्हा, हे दुसऱ्यानंच ठरवलं तर मात्र आतून खचायला होतं. म्हणून तुमच्या गरजेचं वाक्य मनात तयार करा. 'खुर्ची मी सांगेन तेव्हाच ढकला.' 'काखेत हात घालू नका, कुबडीची बाजू मोकळी ठेवा.' दुकानदारानं सोबतच्या माणसाला विचारलं, 'यांना काय हवंय?', तर 'मला विचारा, मी सांगतो.' ते वाक्य तीनदा मनात म्हणा. मग एकदा मोठ्यानं म्हणा. आवाज कापला तरी म्हणा.

घरच्यांनी हे वाचलं, तर त्यांच्यासाठी एवढंच: हात पुढे करण्याआधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

उद्यासाठी एक काम आणि एक वाक्य ठरवा. काम स्वतः करायचं, वाक्य वेळ येताच बोलायचं. काम फसलं तर पद्धत बदलून पाहा. तेवढ्यावरून स्वतःबद्दलचं मत बनवू नका. जमलं, की परवासाठी दुसरं काम निवडा.