पंचनाम्यावरची सही



जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हाची गोष्ट. रेल्वे बंद, वीज गेलेली, मिठागरातील वस्तीला पाण्याचा वेढा. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याची चर्चा सुरू झाली आणि संध्याकाळच्या मिस्सानंतर एक माउली आमच्याकडे आली. तिच्या घरात दीड दिवस पाणी होते. कपडे-भांड्यांच्या सरकारी मदतीसाठी तेव्हा निकष होता दोन दिवसांहून अधिक काळाचा. शेजारी म्हणत होते, "तीन दिवस सांग, आम्ही सही करतो." तिने विचारले, "फादर, हे पाप होईल का?"

आम्ही लगेच "हो" म्हणालो. ती मान खाली घालून निघून गेली. आमचे उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते.

पहिली गोष्ट, मदत मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. काही स्वाभिमानी कुटुंबे अर्जच करीत नाहीत. शासन या रकमेला 'सानुग्रह अनुदान' म्हणते. पण तो पैसा आपण सर्वांनी भरलेल्या करातून येतो. संकटात सापडलेल्याला सावरणे हे समाजाचे कर्तव्य आहे. ज्याचे खरोखर नुकसान झाले आहे, त्याने संकोच न करता अर्ज करावा.

मग थोडे वाढवून सांगितले तर काय बिघडले? आपल्याकडे तीन उत्तरे तयार असतात. सगळेच सांगतात. साहेब निम्मे कापणारच. आणि नुकसान पन्नास हजारांचे असताना मिळणार किती? तिसरा मुद्दा वजनदार आहे. त्या वेळच्या केंद्रीय निकषांत कपड्यांसाठी १,८०० आणि भांड्यांसाठी २,००० रुपये होते. एवढ्यात मोडलेला संसार उभा राहत नाही. पण ही मदत म्हणजे संपूर्ण नुकसानभरपाई नव्हे. घरातली चूल पुन्हा पेटावी, एवढाच तिचा हेतू. त्यामुळे 'माझे किती गेले' यापेक्षा 'कोणाची चूल अजून पेटलेली नाही' हा प्रश्न आधी येतो.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, जीव जाण्याची वेळ आली असता गरजेपुरते दुसऱ्याचे घेणे ही चोरी ठरत नाही. पण गरज आहे म्हणून खोटे बोलावे, असे ते कुठेही म्हणत नाहीत. पंचनाम्यावर पंच सही करतो, म्हणजे साक्ष देतो. खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसारही खोटा दावा हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु तुरुंगाच्या भीतीने खरे बोलणारा अजून सत्यावर प्रेम करायला शिकलेला नसतो.

"सरकारचे घेतले, कोणाचे काय गेले?" असे आपण म्हणतो. जाते, आणि गरिबाचेच जाते. खोटे दावे वाढले की अधिकाऱ्याचा संशय वाढतो. तो आणखी कागद मागतो. ज्यांच्याकडे घरपट्टी, रेशनकार्ड, लाईटबिल आहे, ते सुटतात. ज्याच्याकडे कागद नाहीत, तो चाळीतला भाडेकरू खरे बोलूनही परत पाठवला जातो.

इथे आपल्या धर्मग्रामातील घरमालकांना एक नाजूक गोष्ट सांगावी लागते. भाडेकरूचे नाव सरकारी कागदावर चढले तर उद्या तो खोलीवर हक्क सांगेल, या भीतीने तलाठी आल्यावर आपण गप्प राहतो. शेजाऱ्याच्या तीन दिवसांसाठी सही करणारा हात, भाडेकरूच्या गळ्याइतक्या पाण्यासाठी मात्र मागे सरतो. बंधू-भगिनींनो, असे मौन हीसुद्धा खोटी साक्षच आहे.

आणि त्या माउलीचे काय? खरे बोलल्यामुळे तिचे ३,८०० रुपये हुकले. आम्ही तिला सत्य सांगितले, पण त्या सत्याची किंमत तिला एकटीला मोजू दिली. चार भांडी घेऊन आपण तिच्या दारी जायला हवे होते. ते आमच्या हातून झाले नाही, याची खंत आजही आहे. शेजाऱ्याला खरे बोलायला सांगणाऱ्या समाजाने त्याचे ओझेही उचलले पाहिजे.

पूर्वी कोणी जास्तीचे घेतले असेल, तर जक्कयची आठवण ठेवावी. प्रभू घरी आला, तेव्हा त्याने केवळ पश्चात्ताप केला नाही, लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. पापनिवेदनाबरोबर परतफेडही आलीच. ती गुपचूप एखाद्या गरजू घरी पोहोचली तरी चालेल.

पुढच्या वेळी पंचनाम्याचा कागद समोर येईल, तेव्हा दोन गोष्टी कराव्यात: खोट्यासाठी सही नाकारावी, आणि ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, त्याच्या खऱ्यासाठी पुढे होऊन सही करावी.

प्रभू आपणा सर्वांना त्यासाठी धैर्य देवो.

तुमचे धर्मगुरू