ओझ्याविना टोपली

गोव्यातील आमच्या गावी एका वृद्ध पोदेराची सायकल आम्ही अल्प मोलात घेतली. जुन्या विलायती मालवाहू सायकलीसारखी ती दिसावी, ही हौस. रंग दिला, पितळी घंटी बसवली, हँडलला वेताची टोपली अडकवली. ती पाहून पोदेराने एवढेच विचारले, “हिच्यावर ओझे किती राहील?” आम्ही निरुत्तर झालो.

इंग्लंडातील खाटीक व बेकरीवाले वापरीत त्या सायकलीचे पुढचे चाक लहान असे, ते शोभेसाठी नव्हे; त्यामुळे टोपलीतील भार खाली राही. टोपलीची चौकट हँडलला नव्हे, सांगाड्याला जोडलेली असे. हँडल वळले तरी भार वळत नसे. ते रूप श्रमांतून घडले होते. आम्ही रूप घेतले, कारण टाकले. (सारवलेल्या अंगणाचे कौतुक बहुधा न सारवणाराच करतो.) उपयोग सरला की वस्तू भंगारात जावी, हेही आम्हांस मान्य नाही. पण पहाटे पाव वाहणाऱ्याचे कष्ट कोणाच्या दिवाणखान्याचे भूषण व्हावेत काय?

टोपली आम्ही काढली. वेल्डरकडून सांगाड्याला चौकट जोडून घेतली. तिच्यावरून आता नारळ येतात. चाक मात्र मोठेच राहिले आहे, आणि ओझे अजून थोडे डुलते.