टॉवर हटवला, पुढे काय?

सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर येणार म्हटले की सभेत आवाज चढतात. विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नसते, पण तिचा रोख चुकलेला असतो. आपल्या डोक्यात सर्वाधिक रेडिओलहरी जातात त्या गच्चीवरून नव्हे, कानाला लावलेल्या फोनमधून. शिवाय तो फोन किती जोर लावणार, हे बरेचसे टॉवर किती जवळ आहे यावर ठरते.

बांधापलीकडच्या माणसाला हाक मारावी लागते, शेजारी बसलेल्याशी हळू बोलले तरी भागते. फोनचेही असेच. जोर वाढव, कमी कर, असा हुकूम टॉवर त्याला सतत देत असतो. थ्रीजीत तर सेकंदाला १५०० वेळा. टूजीच्या फोनची शक्ती क्षणभर २ वॅटपर्यंत चढे आणि रेंज उत्तम असली की काही मिलीवॅटवर उतरे, म्हणजे शेकडो पटींचा फरक. फोरजीत कमाल शक्तीच साधारण ०.२ वॅट, पण चढउतार तिथेही आहे. टॉवरची शक्ती याहून पुष्कळ जास्त, हे खरे. मात्र अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते, आणि फोन तर कानाला टेकलेला.

म्हणून टॉवर हटवून रेंज गेली, तर त्याच घरांतले फोन जास्त जोर लावू लागतात. तळघरात, लिफ्टमध्ये, घाटातल्या गाडीत तेच होते.

फोन घेताना पाहिला जाणारा एसएआरचा आकडाही याच नजरेने वाचायला हवा. शरीरात किती ऊर्जा शोषली जाते, याचे हे माप. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबले की बहुतेक फोनवर आकडा दिसतो. पण चाचणी घेतात ती फोन पूर्ण जोरावर ठेवून. त्यामुळे १.२ चा फोन भरपूर रेंजमध्ये जेवढे देईल, त्याहून ०.८ चा फोन रेंज नसलेल्या खोलीत जास्त देऊ शकतो. दुकानदार हे सांगत नाही; बहुधा त्यालाही ठाऊक नसते.

अपाय होतो का? या लहरी क्षकिरणांसारखे अणूतले इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मात्र मोबाइलचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. तरीही सावध राहायचे असेल, तर इअरफोन लावावा, रेंज नसताना लांबलचक बोलू नये.

फोनला चिकटवायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकर मात्र घेऊ नये. ते निकामी असले तर पैसेच जातात. पण त्याने खरोखरच लहरी अडवल्या, तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन जोर वाढवतो.